सूचनाफलक कुणाच्या खिशात?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांची एक सवय इथली जुनी मंडळी अजून सांगतात. परीक्षेच्या अर्जाची मुदत जवळ आली की सर तास सुरू करण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहायचे. कुणी गैरहजर असेल तर त्याच्या गावच्या मुलाला उभं करायचे आणि म्हणायचे, "त्याला निरोप दे, आणि दिलास की मला येऊन सांग." निरोप पोचला की नाही हे बघणं निरोप देणाऱ्याचं काम, अशी त्यांची धारणा होती. विद्यार्थी आणि त्यांचे मेसेज या विषयावर बोला असं संयोजकांनी सुचवलं, तेव्हा मला पहिल्यांदा हीच गोष्ट आठवली, आणि आजचं माझं सगळं बोलणं तिच्याच अंगाने जाणार आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. 'हल्लीची मुलं सतत मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात' हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी उच्चारलंय. पण ती तिथे काय करतात, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारलं? कुणाशी बोलतात? काय विचारतात? आणि जे तिथे विचारतात, ते आपल्याला का विचारत नाहीत? माझा आजचा विषय या शेवटच्या प्रश्नाशी बांधलेला आहे.

थोडं मागे जाऊ. इथे जे तिशी-चाळिशीचे आहेत, त्यांना एसएमएसचं पॅक आठवत असेल. महिन्याला ठरावीक रकमेत ठरावीक मेसेज, आणि दिवाळीला किंवा एकतीस डिसेंबरला तेच पॅक चालायचं नाही, त्या दिवशी प्रत्येक मेसेजचे पैसे पडायचे. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावायची. देवनागरीत लिहायला घेतलं की मर्यादा ७० वर यायची. म्हणजे 'मी उद्या येत नाही, माझी हजेरी लाव, आणि वही आण' एवढं इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर एका मेसेजचे पैसे; थोडं लांबवून देवनागरीत लिहिलं तर दोन मेसेजचे. त्यात निम्म्या हँडसेटवर देवनागरी उमटायचीच नाही, चौकोन दिसायचे. महाराष्ट्रातली एक सबंध पिढी मराठी बोलणं इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकली, ती या हिशेबामुळे. मराठीची लाज वाटली म्हणून तिने असं केलं, हा आरोप मी पुष्कळदा ऐकलाय आणि मला तो अन्यायाचा वाटतो. खिशात पैसे बेताचे होते आणि यंत्र अपुरं होतं, इतकीच ती गोष्ट आहे.

मग २००९ साली याहूतून बाहेर पडलेल्या यान कूम आणि ब्रायन अ‍ॅक्टन या दोघांनी व्हॉट्सअ‍ॅप काढलं. २०११ मध्ये आपल्याकडे दूरसंचार नियामकाने एका सिमवरून दिवसाला किती एसएमएस पाठवायचे यावर बंधन घातलं, आधी शंभर, मग दोनशे. जाहिरातींचा मारा थांबावा म्हणून ते बंधन होतं, पण वसतिगृहातल्या मुलांना ते जाचलं. २०१३ च्या जुलैत भारतातली तारसेवा बंद झाली. पुढच्याच महिन्यात टेलिग्राम नावाचं अ‍ॅप सुरू झालं आणि त्याच सुमाराला व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचे निरोप पाठवायची सोय आली. २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सअ‍ॅप विकत घ्यायचं जाहीर केलं. आणि ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. ही शेवटची तारीख आपल्या विषयासाठी सगळ्यात मोठी. त्याआधी डेटा जपून वापरायची वस्तू होती. त्यानंतर साक्री, कळमनुरी, अहेरी, मंडणगड अशा ठिकाणच्या मुलांच्या हातातही तो दिवसभर चालू राहिला. आणि तो चालू राहिला, तेव्हा कॉलेजचा सूचनाफलक भिंतीवरून निघाला आणि मुलांच्या खिशात गेला.

कसा गेला, ते जवळून पाहू.

एका वर्गाचे किती ग्रुप असतात? बाहेरून आपल्याला एकच दिसतो, ज्यात आपण शिक्षक असतो. मुलं त्याला 'ऑफिशियल' म्हणतात. तिथे सर एक पीडीएफ टाकतात आणि खाली तीसजण 'ओके सर' लिहितात, किंवा जोडलेले हात पाठवतात. त्या ग्रुपवर कुणी प्रश्न विचारत नाही. प्रश्न दुसऱ्या ग्रुपवर असतात, जिथे शिक्षक नसतात. सरांचा मेसेज तिथे फॉरवर्ड होतो आणि खाली येतं, 'म्हणजे नेमकं काय करायचंय?' मग कुणीतरी समजावून सांगतं. तिसरा चार-पाचजणांचा, प्रोजेक्टचा किंवा एका रूमवरच्या मुलांचा. बहुतेक वर्गांत चौथा फक्त मुलींचा. शिवाय मेसचा, गावच्या पोरांचा, आणि एमपीएससी करणाऱ्यांचा टेलिग्रामवरचा, ज्यात हजारो लोक असतात आणि ओळखीचं कुणीच नसतं. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसणारी मुलं दिवसभर पुस्तकातून मान वर काढत नाहीत; पण त्यांचं चालू घडामोडींचं निम्मं वाचन अशा टेलिग्राम ग्रुपवरून होतं.

प्रत्येक ग्रुपची बोलण्याची रीत वेगळी. पहिल्यावर 'रिस्पेक्टेड सर' म्हणणारा मुलगा दुसऱ्यावर 'अरे कुणाकडे युनिट तीन आहे का, भावांनो' म्हणतो आणि तिसऱ्यावर खानदेशी ढंगात शिव्या देतो. यात दांभिकपणा काही नाही. आपणही स्टाफरूममध्ये एक बोलतो आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये दुसरं. कुठे कसं बोलावं हे या मुलांना आपोआप कळतं, आणि भाषा शिकवणारा माणूस म्हणून मला त्याचं अप्रूप आहे.

एका विद्यार्थिनीने परवानगी देऊन मला तिच्या वर्गाच्या दुसऱ्या ग्रुपवरची एक रात्र दाखवली. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. दहाच्या सुमारास पहिला मेसेज: 'फॉर्मची लास्ट डेट उद्या आहे का?' त्यावर आणखी दोघांचे तेच प्रश्न. मग सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, लिहितो: 'हो. लेट फी परवापासून.' मग एक स्क्रीनशॉट येतो, लाल अक्षरांत एरर. 'मोबाईलवरून नको भरू. भरलास तर डेस्कटॉप साइट करून भर.' 'पीआरएन (नोंदणी क्रमांक) कुठे दिसतो?' 'मागच्या मार्कशीटवर, वरती उजवीकडे.' 'बॅकलॉगचा विषय येतच नाहीये लिस्टमध्ये.' 'आधी सेमिस्टर बदल, मग येतो.' अकराच्या पुढे एकीचा मेसेज: 'पैसे कट झाले पण फॉर्मवर अनपेड दाखवतंय. काय करू? आता परत भरायला नाहीयेत.' इथे सेकंदभरात चार उत्तरं येतात. 'घाबरू नको.' 'परत भरू नको, माझंही असंच झालं होतं.' 'दोन दिवसांनी स्टेटस बदलतं.' 'ट्रान्झॅक्शनचा स्क्रीनशॉट काढून ठेव, उद्या माझ्यासोबत चल ऑफिसला.' साडेबाराला सीआर विचारतो, 'अजून कुणाचा राहिलाय?' आणि एक यादी सुरू होते. पहिला स्वतःचं नाव लिहितो, एक नंबर घालून. दुसरा तो मेसेज कॉपी करतो, खाली दोन नंबर घालून आपलं नाव लिहितो. तिसरा ते दोन्ही कॉपी करून तिसरं. अशी सात नावांची यादी होते आणि रात्री दीडपर्यंत त्यातली सहा खोडली जातात. सातव्याचा फोन लागत नव्हता. त्याचा फॉर्म त्याच्या मित्राने भरला, पैसे स्वतःच्या खात्यातून टाकले, आणि लिहिलं, 'त्याचा झाला. सकाळी सांगतो त्याला.'

मित्रहो, मी ते वाचताना फार वेळ गप्प होतो. सातव्या मुलापर्यंत निरोप पोचवायची ही धडपड, याला आपण 'मोबाईलमध्ये डोकं घालणं' म्हणतो? त्या तीन-साडेतीन तासांत त्या मुलांनी मदतकक्ष चालवला, तांत्रिक सहाय्य दिलं, घाबरलेल्या मुलीला धीर दिला, आणि गैरहजर मित्राची फी भरली. मला त्यांचा अभिमान वाटतो. आणि त्याच वेळी मला विचारावंसं वाटतं, हे काम कुणाचं होतं?

पीआरएन कुठे असतो हे सांगणं कुणाचं काम? पैसे कट झाले तर काय करायचं हे लिहून ठेवणं कुणाचं काम? बॅकलॉगचा विषय यादीत कसा आणायचा हे मराठीत, चार ओळींत, फॉर्मच्याच पानावर का लिहिलेलं नाही? एकोणीस वर्षांच्या मुलाने रात्री दीडला ते सांगावं, हे आपण गृहीत कधी धरलं?

या सीआरबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण आपल्या राज्यात त्याचा एक इतिहास आहे. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका १९९४ च्या कायद्याने थांबल्या. मारामाऱ्या, पैसा, राजकीय पक्षांची घुसखोरी, ही कारणं होती आणि ती खोटी नव्हती. त्यानंतर वर्गप्रतिनिधी गुणांवर नेमला जाऊ लागला. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुका परत आणायची तरतूद केली. २०१९ मध्ये त्या होणार असं ठरलं आणि मग त्या पुढे ढकलल्या गेल्या. म्हणजे आपल्या मुलांच्या दोन पिढ्या कॉलेजातून बाहेर पडल्या, ज्यांनी आपला प्रतिनिधी मत देऊन कधी निवडलाच नाही. आणि त्याच काळात एका फोनमध्ये 'ग्रुप अ‍ॅडमिन' नावाचं एक पद तयार झालं. त्याला कुणी नेमत नाही. त्याला भत्ता नाही, खोली नाही, कार्यालयात जाऊन प्रश्न विचारायचा अधिकार नाही. पण सगळा वर्ग त्याच्याकडे बघतो. ऑफिसचे क्लार्कसुद्धा त्याच्याकडेच बघतात: 'ग्रुपवर टाक रे तेवढं.'

'ग्रुपवर टाक' या दोन शब्दांत कार्यालयाचं काम संपतं आणि त्या मुलाचं सुरू होतं. तो टाकायला विसरला तर? त्याचा रिचार्ज संपला असेल तर? त्याचं कुणाशी भांडण झालं आणि त्याने एखाद्याला ग्रुपमधून काढलं तर? मी अशी उदाहरणं पाहिली आहेत. एकदा भांडण नाटकातल्या भूमिकेवरून झालं, आणि नुकसान झालं शिष्यवृत्तीच्या अर्जाचं. ज्या मुलाला काढलं त्याला अर्जाची तारीख कळलीच नाही. कॉलेज म्हणालं, आम्ही सूचना दिली होती. कुठे दिली होती? ग्रुपवर.

इथे मी माझ्या मुख्य मुद्द्याशी येतो. मुलांनी आपापसात बोलायला जे साधन उभं केलं, त्यावर आपण विद्यापीठाचं अधिकृत काम टाकून मोकळे झालो. मुलांचा ग्रुप ही मुलांची खासगी जागा आहे. ती त्यांनी बांधली. तिथे त्यांनी चेष्टा करावी, प्रेमात पडावं, आपल्या शिकवण्याला नावं ठेवावीत. तो त्यांचा हक्क आहे. पण त्या जागेतून आपण हॉल तिकीट वाटायला लागलो, तर जो त्या जागेत नाही तो विद्यापीठातही नाही, असं होतं.

आणि कोण नाही तिथे? हे फार बारकाईने बघायला हवं.

पहिल्या, मुली. ग्रुपमध्ये गेलं की नंबर सगळ्यांना दिसतो. दोनशेजणांच्या ग्रुपमध्ये नंबर गेला की त्याच रात्री अनोळखी 'हाय' येतो. मग दुसरा. मग फोटोवर शेरा. व्हॉट्सअ‍ॅपने २०१९ मध्ये आपल्याला कुणी ग्रुपमध्ये घालायचं हे ठरवायची सोय दिली. पण ज्या ग्रुपवर परीक्षेची तारीख येणार, त्यात न जायचं स्वातंत्र्य त्या मुलीला खरंच आहे का? वडिलांचा किंवा भावाचा नंबर देऊन प्रवेश घेतलेल्या मुली मला दरवर्षी भेटतात. कॉलेजचा मेसेज भावाच्या फोनवर येतो. भाऊ कामावर असतो. संध्याकाळी त्याला आठवलं तर तो सांगतो. आणि हे मेसेज कुणाकुणाचे येतात, त्यात कोण काय बोलतं, हे तो वाचत असतो. उद्या कॉलेजला जायचं की नाही, हा निर्णय कधी कधी तिथे होतो.

दुसरी, ओटीपीची गोष्ट. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आधारशी जोडलेला नंबर लागतो. तो बहुतेकदा वडिलांचा असतो, गावी, साध्या बटणांच्या फोनवर. मुलगा संभाजीनगरात सायबर कॅफेत बसलेला, वडील रानात. ओटीपी काही मिनिटांत बाद होतो. मुलगा फोन करतो, "आबा, आत्ता एक मेसेज येईल, त्यातले आकडे वाचा." आबा चष्मा घरी विसरलेले असतात. शेजारच्या वावरातल्या पोराला हाक मारतात. तोवर वेळ संपते. पुन्हा ओटीपी, पुन्हा हाक. ज्यांच्यासाठी शिष्यवृत्ती आहे त्यांच्याच घरी हे घडतं, हे लक्षात घ्या. आणि मग हाच मुलगा रात्री ग्रुपवर लिहितो, 'मला जमलं नाही, कुणी सोबत येईल का उद्या?' आणि कुणीतरी येतो.

तिसरी, सकाळची एसटी. पहिल्या गाडीने निघणारी मुलगी पावणेसहाला घर सोडते. रस्त्यात घाट आहे, रेंज जाते. कॉलेजच्या दारात उतरल्यावर फोन किणकिणतो: 'आजचे तास होणार नाहीत.' मेसेज सव्वासहाचा. पाठवणाऱ्याला वाटतं, आपण वेळेत कळवलं. तिच्या परतीच्या गाडीला अजून चार तास आहेत. लायब्ररी दहाला उघडते. ती कुठे बसेल, हे आपण कधी विचारलं?

ग्रुपच्या याच जागेत धाकही असतो. सीनियर मुलं नव्या मुलांचा एक ग्रुप करतात, आणि त्यात रात्री दोनला 'सगळ्यांनी इंट्रो पाठवा' असे हुकूम सुटतात. आपल्या राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाची नियमावली २००९ ची. पण आवारातल्या आणि वसतिगृहातल्या रॅगिंगसाठी ती लिहिली गेली. फोनवरचा असा छळ हेही रॅगिंगच, हे आयोगाने अलीकडे, २०२५ मध्ये, महाविद्यालयांना बजावलं. ते फार आधी व्हायला हवं होतं.

आता आवाजाबद्दल. हा भाग सांगायला मी आज मुद्दाम वेळ राखून ठेवलाय, कारण यात मला सगळ्यात जास्त आशा दिसते.

व्हॉइस नोट ऐकताना मुलांकडे पाहिलंय तुम्ही? फोन कानाला आडवा धरलेला, चालता चालता ऐकणं चाललेलं. २०२१ पासून ती दीडपट, दुप्पट वेगाने ऐकता येते, म्हणून मैत्रिणीचं सात मिनिटांचं गाऱ्हाणं साडेतीन मिनिटांत संपतं. पण मैत्रीचं सोडून द्या. घरी बोलायला मुलं व्हॉइस नोट कशी वापरतात ते पाहा. धुळ्याकडची मुलगी पुण्यात शिकते. आईला वाचता येत नाही, किंवा जेमतेम येतं. फोन करायचा तर आई सकाळी शेतात, संध्याकाळी चुलीपाशी, आणि रात्री वडिलांसमोर तिला मोकळं बोलता येत नाही. मग ही दुपारी मेसमधून परतताना अहिराणीत दोन मिनिटं बोलून ठेवते. आई बांधावर बसून ऐकते, माणसं आजूबाजूला नसताना. आणि बोलून ठेवते. दोघींना एका वेळी मोकळं असण्याची गरज राहिली नाही. आपल्या समाजात एका वेळी मोकळं असणं बायकांच्या वाट्याला किती कमी येतं, हे ठाऊक असेल तर या सोयीचं मोल कळेल.

आणि भाषा! लिहायला बसलं की ही मुलं घाबरतात. शुद्धलेखन, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, आपणच त्यांना इतकं टोकलंय. पण बोलून पाठवायचं असलं की वऱ्हाडी येते, मालवणी येते, झाडीबोली येते. एरवी वर्गात 'प्रमाण' बोलायच्या धडपडीत गप्प बसलेला गडचिरोलीचा मुलगा चार मित्रांच्या ग्रुपवर पाच मिनिटांची व्हॉइस नोट टाकतो, आणि त्यात मोहाची फुलं वेचण्याचं असं वर्णन असतं की ते कोणत्याही मासिकाने छापावं. त्याच्या एका मित्राने मला ते ऐकवलं, त्याला विचारून. मी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला म्हटलं, हे लिही, जसं बोललास तसंच लिही. त्याने फोनलाच बोलून ते उतरवून घेतलं. २०१७ पासून मराठीत बोलून टंकन करता येतं. यंत्राने निम्मे बोलीतले शब्द चुकवले, ते त्याने बसून दुरुस्त केले. आमच्या वार्षिक अंकात त्या वर्षी सगळ्यात चांगला लेख तो होता.

भाषेच्या शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पोरं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात म्हणून सुस्कारे सोडण्यात आपण दहा वर्षं घालवली. त्या काळात त्यांनी मराठीतून, आपापल्या मराठीतून, जितकं बोलून ठेवलं तितकं कोणत्याही पिढीने ठेवलेलं नाही. ते ऐकायला शिका. त्यांच्या परवानगीने वर्गात आणा.

मात्र एक भीतीही आहे, आणि धुळ्याचं नाव घेतल्यावर ती टाळता येत नाही. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. अफवा फोनवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन आणलं. हे मी इथे सांगतो, कारण विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरही रोज काहीतरी पुढे ढकललं जातं: परीक्षा रद्द झाल्याचं खोटं परिपत्रक, शिक्का मारलेलं, एखाद्या मुलीचा फोटो, एखाद्या जातीबद्दलचा विखार. गेल्या काही वर्षांत मला एक चांगला बदल दिसतो. खोटं परिपत्रक आलं की कुणीतरी लगेच लिहितं, 'जावक क्रमांक बघ', 'साइटवर आहे का?' मुलांनी हे आपसूक शिकून घेतलं. फोटोच्या आणि जातीच्या बाबतीत मात्र अजून बहुतेकजण गप्प बसतात. ग्रुप म्यूट करतात. ही गप्प बसण्याची सवय मला अफवेइतकीच भीतीची वाटते, आणि तिच्याबद्दल तुम्ही, दाराशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांनी, आपापसात बोलायला हवं. आमच्या सांगण्याने ते होणार नाही.

अ‍ॅडमिन झालेल्या मुलांना एक धास्ती असते की कुणी काही वाईट टाकलं तर पोलीस आपल्याला धरतील. त्यांच्या माहितीसाठी सांगतो. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा आधीचं संगनमत नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. हे ऐकून मोकळा श्वास घ्या. पण एखाद्या मुलीचा फोटो आला तेव्हा तो काढून टाकायला तुमच्या हातात बटण होतं, हेही विसरू नका.

आणखी एक गोष्ट घाईने. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडलं. तेव्हा महाविद्यालयं बरीचशी ऑनलाइनच होती. त्या रात्री एखाद्या विद्यापीठाला आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांना एक ओळ कळवायची असती, तर ती कशी कळवली असती? परदेशातल्या एका कंपनीची तार तुटली की आपला सूचनाफलक काळा पडतो, आणि आपल्याकडे दुसरा नाही.

तर मग करायचं काय? ग्रुप बंद करा, असं मी म्हणणार नाही. ते मूर्खपणाचं होईल आणि क्रूरपणाचंही; त्या रात्रीची सात नावांची यादी आठवा. मुलांचे ग्रुप मुलांचे राहू द्या. आपलं काम आपण परत घेऊ या.

समोर प्राचार्य बसले आहेत, विद्यापीठाच्या अधिसभेचे काही सदस्य बसले आहेत. त्यांच्यापुढे मी काही मागण्या ठेवतो. प्रत्येक सूचना आधी कॉलेजच्या संकेतस्थळावर आणि दारातल्या काचेच्या फलकावर, तारीख आणि क्रमांकासह, देवनागरी मराठीत लागली पाहिजे, ग्रुपवर नंतर. ग्रुपसाठी कार्यालयाचा स्वतःचा फोन घ्या आणि ज्यात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येतं असा ग्रुप कार्यालयाच्या माणसाने चालवावा, विद्यार्थ्याने नाही. ही सोय २०१८ पासून आहे. मुलांचे नंबर एकमेकांना दिसणार नाहीत अशी चॅनेलची सोयही आता आहे, मुलींसाठी ती आधी वापरा. प्रवेश अर्जावर एक रकाना वाढवा: तुमचा नंबर ग्रुपमध्ये घालायला तुमची परवानगी आहे का? 'नाही' म्हणणाऱ्या मुलीला सूचना साध्या एसएमएसने जावी. दुसऱ्या सकाळचे तास रद्द करायचे असतील तर आदल्या संध्याकाळी सहाच्या आत कळवा, आणि ते जमलं नाही तर पहिल्या एसटीने आलेल्या मुलींसाठी लायब्ररी सातला उघडा. फॉर्म भरायच्या आठवड्यात कार्यालयाची एक खिडकी रात्री नऊपर्यंत चालू ठेवा, आणि तिथे बसणाऱ्या माणसाला त्याचे पैसे द्या. आणि विद्यार्थ्यांच्या निवडणुका घ्या, कायद्याने सांगितल्याप्रमाणे, म्हणजे कार्यालयात जाऊन उत्तर मागायचा अधिकार असलेला एक प्रतिनिधी तरी त्यांना मिळेल.

यातली पहिली मागणी खर्चाची नाही, आणि येत्या अधिसभेत ती मान्य होऊ शकते. मी ठरावाचा मसुदा लिहून आणला आहे. सभा संपल्यावर तो अध्यक्षांकडे देतो, सूचक आणि अनुमोदक म्हणून इथल्याच दोन सदस्यांनी सह्या कराव्यात अशी विनंती आहे. मसुदा असा: 'जी सूचना केवळ सामाजिक माध्यमावरील गटात प्रसृत झाली असून संकेतस्थळावर व सूचनाफलकावर मुदतीच्या किमान सात दिवस आधी प्रसिद्ध झालेली नाही, तिच्या आधारे कोणत्याही विद्यार्थ्याकडून विलंब शुल्क आकारले जाऊ नये, आणि या वर्षी असे आकारले गेलेले शुल्क विद्यार्थ्यांना परत करावे.'